दागिना घरचा, काळजीही घरची

(मंडळाच्या महिला शाखेच्या श्रावणातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेनंतर अनेकींनी ‘हे लिहून द्या’ असा आग्रह धरला, म्हणून तो या स्मरणिकेत देत आहोत.)



गौरी-गणपती आता तीन आठवड्यांवर आले. या नाहीतर पुढच्या आठवड्यात आपल्यापैकी बरेचजण बँकेत जाऊन लॉकर उघडतील. वर्षभर मिटलेल्या डब्या घरी येतील. गौरीच्या अंगावर चढवायची मोहनमाळ, ठुशी, तन्मणी, नथ, गणपतीचा चांदीचा मुकुट आणि दुर्वांची जुडी ताटात मांडली जाईल. मग दरवर्षीचा प्रश्न पडेल, ‘हे जरा काळवंडलंय, उजळायचं कशानं?’ कोणी म्हणेल टूथपेस्ट, कोणी म्हणेल चिंच, कोणी म्हणेल मोबाइलवर पाहिलं, सोड्यात उकळायचं.

आमच्या घरात सराफी चार पिढ्यांची. पणजोबा सातारकडून बडोद्याला आले, ते इथलेच झाले. मांडवीच्या आसपास सराफी दुकानांच्या शेजारात आम्ही वाढलो. त्यामुळे सणानंतरच्या आठवड्यात दुकानात काय काय येतं, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. लाख वितळून पोकळ झालेली वज्रटीक येते, पाणी जाऊन आंधळं झालेलं कुंदन येतं, चिंचेच्या कोळात बुडवून खडूसारखे झालेले मोती येतात. यातलं बहुतेक नुकसान चोरीनं किंवा पडून झालेलं नसतं. घरच्या माणसानं मायेनं स्वच्छ करताना झालेलं असतं. म्हणून आजचा विषय निवडला.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करू या. दागिना स्वच्छ करण्याची कृती एक नाही. पाण्यात काय घालायचं आणि काय मुळीच घालायचं नाही, हे आधी ठरवायचं. त्यासाठी दागिने ताटात मांडताना तीन ढीग करा. पहिल्यात नुसतं भरीव सोनं आणि उघड्या कोंदणातले हिरे. दुसऱ्यात मोती आणि पोवळी. तिसऱ्यात लाख भरलेले, कुंदन जडवलेले, आणि दोऱ्यात किंवा कापडी पट्टीवर ओवलेले दागिने. चांदी चौथ्या ताटात, अगदी वेगळी.

पहिला ढीग : सोनं आणि हिरे

शुद्ध सोनं गंजत नाही, काळं पडत नाही. पण आपला दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. बावीस कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोनं, उरलेले 84 भाग तांबं, चांदी वगैरे. ही भर घातल्याशिवाय दागिना टिकत नाही, कारण शुद्ध सोनं फार मऊ. सोन्यावर जो काळपटपणा दिसतो तो काही अंशी या भरीचा आणि बहुतांशी आपल्या अंगाच्या तेलाचा, घामाचा, पावडरीचा, साबणाच्या साक्याचा. हा सगळा मळ साध्या गोष्टींनी निघतो.

दोन वाडगे घ्या. एकात कोमट पाणी, हाताला सोसवेल इतकंच, त्यात भांड्यांचा सौम्य द्रव साबण दोन थेंब. साबण नको असेल तर रात्री चार-पाच रिठे भिजत घालून सकाळी त्यांचं गाळलेलं पाणी. आपल्या आज्या हेच करत, आणि त्यात काही चूक नव्हती. पाटल्या, बांगड्या, गोठ, साखळी त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग लहान मुलांचा अगदी मऊ दात घासायचा ब्रश घेऊन नक्षीच्या खाचा, कड्या, फासे हलक्या हातानं घासा. दुसऱ्या वाडग्यात स्वच्छ पाणी, त्यात दोनदा खळबळून काढा. जुन्या धुतलेल्या धोतराच्या किंवा मलमलीच्या तुकड्यानं टिपा आणि पंचावर पसरून पूर्ण वाळू द्या. ओलसर दागिना डबीत घालू नका.

हे काम बेसिनमध्ये नळाखाली कधीही करायचं नाही. कानातल्याची मळसूत्री, मंगळसूत्राचा सुटलेला मणी, सैल झालेला हिरा, हे सगळं त्या जाळीतून खाली गेलं की गेलं. वाडग्यातलं पाणी ओतण्याआधीसुद्धा ते पांढऱ्या फडक्यातून गाळा. ही सवय एकदा लागली की मोडू नका.

हिऱ्याचा एक गुण फार थोड्यांना ठाऊक असतो. हिरा पाण्याला जवळ करत नाही, पण तेलाला धरतो. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत एके काळी चरबी लावलेल्या पाटांवरून खडीचं पाणी वाहू देत, इतर दगड वाहून जात आणि हिरे चरबीला चिकटून राहत. तेच आपल्या बोटातल्या अंगठीचं होतं. कणीक मळली, डोक्याला तेल लावलं, लाडू वळले, की तुपाचा थर हिऱ्याच्या मागच्या बाजूला बसतो. मग आपण म्हणतो हिऱ्याचं तेज गेलं. तेज कुठेही गेलेलं नसतं, मागून साबणाच्या पाण्यानं ब्रश फिरवला की परत येतं. पुढची बाजू कितीही पुसली आणि मागची तशीच राहिली तर उपयोग नाही.

हिरा सगळ्यांत कठीण, म्हणून तो फुटत नाही, असं मात्र समजू नका. ओरखडा पडणं वेगळं आणि फुटणं वेगळं. विशिष्ट दिशेनं ठोका बसला तर हिरा दुभंगतो. सुरत आपल्यापासून दोन-तीन तासांवर आहे. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू तिथे पडतात. तिथल्या कोणत्याही कारागिराला विचारा, तो हेच सांगेल. आणि हिऱ्यानं हिऱ्याला ओरखडा पडतो, शेजारच्या सोन्याला तर पडतोच. म्हणून प्रत्येक जोड वेगळ्या फडक्यात.

माणिक आणि नीलम हे कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. पण आजकाल बाजारात भेगांत काच भरलेलं स्वस्त माणिक बरंच मिळतं, आणि ती काच लिंबाच्या रसानंही खराब होते. पाचूची गोष्ट आणखी नाजूक. पाचूत जन्मतःच बारीक भेगा असतात आणि त्या झाकायला व्यापारात तेल मुरवलेलं असतं. गरम पाण्यानं, साबणात भिजत ठेवल्यानं ते तेल निघतं आणि भेगा पांढऱ्या दिसू लागतात. पाचूचा दागिना ओल्या फडक्यानं पुसायचा, भिजत घालायचा नाही. घरी वापरायची म्हणून जी कंपनाची यंत्रं विकायला आली आहेत, त्यांत पाचू, मोती, पोवळं, ओपल, लाखेचा किंवा कुंदनाचा दागिना चुकूनही टाकू नका.

दुसरा ढीग : मोती

आता आपल्या मराठी घरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. नथ, कुडी, तन्मणी, चिंचपेटी, बुगडी. सोनं कमी, मोती जास्त, हीच आपली जुनी आवड.

मोत्यांशी बडोद्याचं नातं तर जगाला माहीत आहे. खंडेराव महाराजांनी लक्षावधी बसरा मोती जडवून घेतलेली चादर 2009 साली दोह्यात लिलावाला निघाली तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्यावर भरभरून छापून आलं. बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातात पाणबुड्यांनी शिंपल्यांतून काढलेले नैसर्गिक मोती, बसरा बंदराच्या व्यापारावरून त्यांना ते नाव पडलं. पुढे जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 साली शिंपल्यात मोती तयार करवून घेण्यात यश मिळवलं, आणि 1930 नंतर आखातातला मोत्यांचा धंदा बसत गेला. राजवाड्यात होते ते मोती राजवाड्याचे. पण त्याच काळात सरदार, दरकदार, कारकून, वैद्य, भिक्षुक अशा घरांतूनही लेकी-सुनांच्या नथी-कुड्यांत याच जातीचे बारीक मोती बसले. ते आजही आपल्या डब्यांत आहेत. थोडे पिवळसर, थोडे वेडेवाकडे, एकसारखे नसलेले.

इथेच सावध राहायचं आहे. अशी जुनी नथ घेऊन एखादी तरुण मुलगी दुकानात जाते आणि म्हणते, ‘मोती पिवळे पडलेत.’ समोरचा म्हणतो, ‘बदलून देतो, नवे पांढरेशुभ्र घालतो, फक्त मजुरी द्या.’ मुलगी खूश होऊन घरी येते. जुने मोती तिनं मागितलेले नसतात, त्यानं दिलेले नसतात. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. नव्या मोत्यात वाईट काही नाही, पण काढलेला प्रत्येक मोती मोजून, पुडीत बांधून परत घ्यायचा, हा तुमचा हक्क आहे. जुना मोती नैसर्गिक आहे की संवर्धित, हे डोळ्यांनी ठरत नाही. दातावर हलकेच घासून पाहिला तर खरा मोती किंचित खरखरीत लागतो आणि प्लॅस्टिकचा गुळगुळीत, इतकंच कळतं. नैसर्गिक की संवर्धित हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी आत पाहूनच ठरतं. मोठा, जुना सर असेल तर ती तपासणी करून घेण्यासारखी आहे.

मोती हा दगड नव्हे. शिंपल्यातल्या जिवानं चुन्याच्या द्रव्याचे पातळ पापुद्रे एकावर एक चढवून तो केलेला असतो, आणि त्या पापुद्र्यांना धरून ठेवणारा थोडा सेंद्रिय भाग असतो. चुना आंबटात विरघळतो, हे आपल्याला स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, आणि आपला घामसुद्धा मोत्याचा शत्रू. पोवळंही याच जातीचं. अत्तर, केसांचा फवारा, पावडर, हे सगळं आधी लावून घ्या, वाळू द्या, आणि मोती शेवटी घाला. घरी आल्यावर पहिल्यांदा मोती उतरवा. घालताना शेवटी, काढताना आधी, एवढं लक्षात ठेवा.

स्वच्छ करायचं ते असं. मऊ सुती फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. प्रत्येक मोती दोन बोटांत धरून पुसा, मग कोरड्या फडक्यानं टिपा. फार मळ असेल तर त्या पाण्यात सौम्य साबणाचा एखादाच थेंब, आणि नंतर पुन्हा साध्या ओल्या फडक्यानं पुसणं. सर पाण्यात बुडवायचा नाही, कारण आतला रेशमाचा दोरा ओला होतो, ताणतो, कुजतो, आणि भोकाजवळ मळाचं वर्तुळ बसतं. ओला सर टांगून ठेवायचा नाही, सपाट पसरायचा. तांदळाच्या पिठानं किंवा मिठानं मोती चोळायची रीत कुणाच्या घरी असेल तर ती आता सोडा. मोत्याचं अंग फार मऊ आहे, चोळून चमक येत नाही, पापुद्रा झिजतो.

वयानं आलेला पिवळेपणा घरच्या उपायानं जात नाही. तो घालवायचा प्रयत्नही करू नका. तो मळ नाही, मोत्याचं वय आहे.

नथीसाठी वेगळं सांगतो. नथीतले मोती आणि खडे तारेत गुंफलेले असतात. कानाच्या काडीला गुंडाळलेला ओलसर कापूस घेऊन एकेक मोती पुसा. नाकात जाणारा आकडा साबणाच्या ओल्या फडक्यानं वेगळा पुसा. तार दरवेळी दाबल्यानं एकाच जागी बारीक होत जाते. नखानं चाचपून पाहा. खाच लागली तर यंदा घालण्याआधी सोनाराला दाखवा. नथ हरवते ती बहुतेक याच जागी तुटून.

आणि मोत्यांना वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. अगदी कोरड्या, बंद जागेत त्यांतला ओलावा जाऊन ते निस्तेज होतात. सुती फडक्यात गुंडाळा, आणि वर्षातून दोन-चारदा घाला. नेहमी वापरातला सर दर एक-दोन वर्षांनी पुन्हा ओवून घ्या, दोन मोत्यांमध्ये गाठ मारून. तुटला तरी एकच मोती निसटेल.

तिसरा ढीग : लाख, कुंदन आणि दोरा

बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजाची पानं, वज्रटीक. हे दागिने दिसतात भरघोस, पण आतून पोकळ असतात. पातळ सोन्याचा पत्रा आणि पोटात लाख. त्यामुळे थोड्या सोन्यात मोठा दागिना व्हायचा, आणि मध्यमवर्गीय घरालाही तो परवडायचा. लाख उष्णतेनं मऊ होते. गरम पाण्यात पडली की फुगते, भोकातून बाहेर येते, आणि मणी आतून सुटतो. मग जरा दाबला तरी पोचा. या दागिन्यांना गरम पाणी नाही, भिजत घालणं नाही, उन्हात वाळवणं नाही. ओलसर फडक्यानं पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. ठुशी आणि वज्रटीक यांची दोरी किंवा कापडी पट्टी कुजकी झाली असेल तर पटवेकऱ्याकडून नवी घालून घ्या. सोनं तेच राहतं आणि दागिन्याला आणखी पन्नास वर्षं मिळतात.

कुंदनाच्या किंवा बंद कोंदणाच्या दागिन्यात खड्याच्या मागे चमकीचा पातळ पत्रा बसवलेला असतो, त्याला डांक म्हणतात. सगळं तेज त्या पत्र्याचं. आत पाण्याचा एक थेंब शिरला तरी तो काळा पडतो आणि खडा आंधळा दिसतो. ते घरी दुरुस्त होत नाही. म्हणून अशा दागिन्याला कोरडा मऊ ब्रश आणि कोरडं फडकं, एवढंच.

मंगळसूत्राबद्दलही इथेच बोलतो, कारण ते रोजच्या अंगावरचं. मणी दोऱ्यात ओवलेले असतील तर दोरा वर्षाला बदला. तारेत असतील तर वाट्यांजवळची कडी पाहा. रोजच्या घासण्यानं सोन्याची कडीसुद्धा अर्धी झिजते, आणि गर्दीत ओढ बसली की तिथेच उघडते. हळद-कुंकू वाट्यांच्या आत साठतं, ते साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशनं काढा.

चांदी

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबर, लोकर, अंडं यांच्या सहवासात जास्त लवकर. म्हणून चांदीच्या डबीला रबर बँड लावू नका, जिथे लावाल तिथे काळा पट्टा उमटतो. देवाच्या चांदीवर समईची काजळी आणि पंचामृताचा चिकटपणा बसतो. पूजेनंतर त्याच दिवशी पाण्यानं धुऊन पुसली तर पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

काळवंडलेल्या साध्या चांदीसाठी एक चांगला उपाय आहे. काचेच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल घाला, वर चमचाभर खायचा सोडा, आणि गरम पाणी ओता. चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा. काही मिनिटांत काळेपणा उतरतो, सडक्या अंड्यासारखा थोडा वासही येतो. होतं असं की चांदीला धरलेलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. घासून काळेपणा काढला तर त्याबरोबर चांदीही जाते, इथे ती जात नाही. नंतर धुऊन कोरडी करा. पण खडे बसवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या, किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेल्या चांदीला हा उपाय करू नका. त्या नक्षीची काळी छटा गेली की सगळं काम सपाट दिसतं.

हे मात्र कधीच नको

टूथपेस्ट आणि दंतमंजन : दोन्हींत घासणारी बारीक भुकटी असते. सोन्याच्या आरशासारख्या अंगावर हजार ओरखडे पडतात. रांगोळी आणि राख यांचंही तेच.

फरशीला वापरतो ते ब्लीच : त्यातलं क्लोरीन सोन्यातल्या भरीवर आणि डाखाच्या जागेवर हल्ला करतं. अठरा कॅरेटच्या आणि पांढऱ्या सोन्याच्या दागिन्यांना धोका जास्त. फरशी पुसताना, पोहायला जाताना अंगठ्या काढा.

पारा : जुना थर्मामीटर फुटून पारा बांगडीला लागला तर सोनं पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं. घाबरून ती गॅसवर धरू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. बांगडी झाकणाच्या डबीत घालून जाणकाराकडे न्या.

आणि दारावर येणारा ‘दागिने उजळून देतो’ वाला. हे सगळ्यांत महत्त्वाचं. तो आधी तांब्याचा तांब्या फुकट लखलखीत करून देतो, मग देवाची चांदी, मग हळूच म्हणतो, ‘बा, हातातली बांगडी द्या.’ त्याच्या वाटीतल्या द्रावणात सोनं विरघळवणारं तीव्र आम्ल असतं. बांगडी झळझळीत होऊन परत मिळते, आणि महिन्यांनी वजन केलं तर दोन-चार ग्रॅम कमी. विरघळलेलं सोनं तो वाटीतून घेऊन गेलेला असतो. दुपारी घरात एकट्या असलेल्या आजी त्याला सापडतात. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या व्यक्तीला ही गोष्ट आज घरी जाऊन सांगा.

सोनाराकडे जाताना

पॉलिशबद्दल आमच्याच धंद्यातलं एक गुपित सांगतो. पूर्वी प्रत्येक सराफ बाजारात झारेकरी असत. सोनाराच्या दुकानातला केर, राख, बसायच्या जागेवरची धूळ ते विकत घेत आणि पाण्यात धुऊन त्यातून सोनं काढत. त्यावर त्यांचे संसार चालत. ते सोनं कुठून आलं? घासण्यातून, कापण्यातून आणि पॉलिशमधून. यंत्रावर पॉलिश केलं की दरवेळी सोन्याचा सूक्ष्म थर जातो. म्हणून दर सणाला पॉलिश नको. घरी साबणाच्या पाण्यानं धुतलेली पाटली पुरेशी उजळ दिसते. खूप वर्षांनी एकदा द्यायचंच असेल तर समोर वजन करून द्या, चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि परत घेताना पुन्हा वजन करा. चांगला सोनार याचा राग धरत नाही.

वजनावरून एक हिशेब. घरातल्या जुन्या कागदांवर ‘पाटल्यांची जोडी, आठ तोळे’ असं लिहिलेलं असतं. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, बारा माशांचा, आणि मासा आठ गुंजांचा. आज बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. म्हणजे तुमच्या पणजीचे आठ तोळे 80 ग्रॅम नव्हेत, 93 ग्रॅमहून थोडे जास्त. हा तेरा ग्रॅमचा फरक मोड करताना, वाटणी करताना ध्यानात ठेवा.

नवं सोनं घेताना हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहा. 1 एप्रिल 2023 पासून विक्रीला तो आवश्यक आहे, आणि बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. घरातल्या जुन्या दागिन्यावर हा क्रमांक नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याची शुद्धता तपासणी केंद्रावर अल्प शुल्कात करून मिळते.

गौरी-विसर्जनाची रात्र

आता सणाचं. गौरीच्या अंगावर तीन दिवस दागिने राहतात. फुलांचा ओलावा, हळद, अत्तर, कापराचा धूर, सगळं त्यांवर बसतं. विसर्जनाच्या दिवशी आपण दमलेले असतो, आणि दागिने तसेच डबीत जातात. पुढच्या वर्षी उघडताना डाग पक्के झालेले असतात. त्या रात्री एवढंच करा : दोघींनी बसून, यादी हातात घेऊन दागिने उतरवा, मोजा, कोरड्या फडक्यानं पुसून उघड्या ताटात ठेवा. धुणं दुसऱ्या दिवशी सावकाश.

गणपती नदीवर किंवा हौदावर नेण्याआधी मूर्तीवरचा सोन्याचा हार, दुर्वा, जानवं, कानातलं काढलं का, हे एका माणसावर सोपवा. ‘कुणीतरी काढलं असेल’ म्हणून मूर्तीबरोबर पाण्यात गेलेला हार, ही बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच.

लॉकरविषयी दोन शब्द. नव्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आत काय आहे याची नोंद बँकेकडे नसते, ती तुमच्याकडेच हवी.

म्हणून शेवटची आणि आमच्या मते सगळ्यांत उपयोगाची सूचना. एक वही करा. दर पानावर एक दागिना. त्याचं नाव, ग्रॅममधलं वजन, खड्यांची आणि मोत्यांची संख्या, एक फोटो, आणि तो कुणाकडून कुणाकडे आला हे दोन ओळींत. ‘ही चिंचपेटी मोठ्या काकूंची, इंदूरहून आली’, ‘या बिलवरांची एक जोड धाकट्या लेकीला द्यायची आहे’. यंदा स्वच्छ करताना प्रत्येक दागिना हातात येणारच आहे, त्याच वेळी हे लिहून होईल.

यामागे आमचा एक अनुभव आहे. घरातलं मोठं माणूस गेल्यावर दुकानात भावंडं येतात, ताटात दागिने असतात, आणि कुणालाच ठाऊक नसतं की कोणता कुणाचा, त्यातलं खरं किती, नाव काय. मुलं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. ‘आम्हाला यातलं काही कळत नाही, सगळं मोडून समान वाटून द्या,’ असं सांगतात. भांडण नको म्हणून ठुशी, साज, तन्मणी एका मुशीत जातात. सोन्याचा भाव मिळतो, पण मोत्यांना, घडणावळीला आणि नावाला तिथे भाव नसतो. मोडायचंच असेल तर मोडा, अडचणीत घराला उभं करणं हे सोन्याचं कामच आहे, त्यात कमीपणा नाही. पण काय आहे हे न कळता मोडू नका.

म्हणून दागिने धुवायला बसाल तेव्हा सुनेला, लेकीला, नातीला, आणि हो, मुलग्यालाही शेजारी बसवा. ‘ही बुगडी, ही कुडी, याच्या पोटात लाख आहे, हिला पाणी लावायचं नाही,’ हे त्यांच्या हातात दागिना देऊन सांगा. बडोद्यात आपण इतकी वर्षं मराठी टिकवली ती अशीच, घरात बोलून. दागिन्यांची नावंही तशीच टिकतील. ज्याच्या हाताला दागिन्याची ओळख आहे, त्याला दारावरचा भामटा फसवू शकत नाही, आणि त्याच्या घरातून जुना मोतीही नकळत जात नाही.

 सणाच्या आधी कुणाला एखादा दागिना दाखवून विचारायचं असेल तर सभेनंतर जरूर या, त्याला मजुरी नाही.

गणपती बाप्पा मोरया!